पाच ट्रे आणि आठ तारीख

"सरे, किल्ली खिळ्याले, चष्मा कोनाड्यात अन् जीभ दाताच्या मागं. तीन वस्तू जागेवर ठेवजो, घर शांत राह्यते."

सासरी निघताना आईनं सांगितलेलं हे वाक्य सरिताच्या कानात पंचवीस वर्षं वाजत होतं. आणि पंचवीस वर्षांत त्या घरात यांतली एकही वस्तू जागेवर सापडली नव्हती.

घर किन्हीराजा गावातलं. नवरा जानराव, वायरमन. खांबावर चढला की अख्ख्या शिवारातल्या तारा त्याला पाठ. खाली उतरला की स्वतःचा टेस्टर कुठं ठेवला ते आठवत नाही. सासू भागिरथाबाई, त्यांची कवळी आज पोह्याच्या डब्यात, तर उद्या उशीच्या खोळीत. मुलगी पौर्णिमा वाशिमला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती, म्हणून बरं. नाहीतर तिचे पेन शोधायला आणखी एक माणूस ठेवावा लागला असता.

सरिता मुळातच हळू बोलणारी. मागच्या वर्षी दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जाऊन आल्यापासून तिनं रोजचा नेम धरला होता. पहाटे वंदना, पंचशील, आणि सात ते आठ मौन. नेमका हाच तास घरातल्यांचा शोधाशोधीचा.

"सरिता, माही पक्कड कुठी हाये?"

"सरिता, माह्ये दात?"

ती मिटल्या तोंडानं हातवारे करायची. ते हातवारे कुणाला कळायचे नाहीत. मग जानराव कोठीत शिरायचा, सासूबाई पलंगाखाली वाकायच्या, आणि मनाची शांती धान्याच्या पोत्यामागं कुठंतरी पडून राहायची.

एका रात्री जेवताना सरितानं जाहीर केलं, "सोमवारपासून या घरात कोनी काही शोधनार नाई. नुसता हात लांबवाचा."

जानरावानं घास थांबवला. "हात कुठी लांबवाचा, ते शोधा लागंन ना?"

सरितानं मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. एका पांढऱ्याशुभ्र घरात दाराजवळच्या टेबलावर देखणा ट्रे होता. त्यात किल्ली, चष्मा, रिमोट, सगळं फोटोला बसवल्यासारखं. त्या घरात माणूस एकही दिसत नव्हता, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी ती वाशिमला गेली. भांड्यांच्या दुकानात नुसती ताटं. प्लॅस्टिकवाल्याकडं चहाचे ट्रे, त्यांवर आंब्यांची चित्रं. शेवटी चौकातल्या एका झगमगीत दुकानात तिला हवे तसे ट्रे दिसले. लाल मखमल, सोनेरी लेस, काठाला मोती आणि आरसे. व्हिडिओतल्यापेक्षा दहापट देखणे.

दुकानदारानं विचारलं, "पाच देऊ का अकरा, ताई?"

"पाच लय झाले. घर लहान हाये."

"पोरीचं हाये का पोराचं?"

"सगळ्यायचंच," सरिता म्हणाली. "सासूबाईचं पन."

दुकानदारानं एकदा तिच्याकडं, एकदा ट्रेकडं बघितलं. मग त्यानं पाचही ट्रे कागदात बांधले आणि वर लाल जाळीची झाकणं फुकट दिली.

आता आपल्याकडच्या कुणालाही ठाऊक आहे की मोत्यांचे ट्रे, विषम आकडा आणि लाल जाळी हे तिन्ही एकत्र आले की त्याचा अर्थ एकच. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. अंगठीचा एक, साडीचा एक, साखरेचा एक, असे ट्रे हातात घेऊन बाया पुढं आणि पाहुणे मागं. सरिता स्वतः अशा चाळीस मिरवणुकींत चालली असेल. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात फक्त पक्कड आणि कवळी होती. पाच ट्रे मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली, तेव्हा शेजारच्या बाईनं तिला खिडकीची जागा दिली. सरिताला वाटलं, जग चांगलं आहे.

सोमवारी पहाटे तिनं बैठकीच्या टेबलावर ट्रे मांडले. पहिल्यात किल्ल्या. दुसऱ्यात टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी. तिसऱ्यात सासूबाईंची कवळी डबीत, शेजारी चष्मा. चौथ्यात गोळ्या, पाचव्यात रिमोट आणि चार्जर. बाहेर सोयाबीनची मळणी चालू, भुसा उडून घरभर येतो, म्हणून वर लाल जाळ्या. सातला पाच मिनिटं असताना जानरावानं हात लांबवला, पक्कड मिळाली, आणि तो चकार शब्द न बोलता ड्युटीवर गेला. सरिताला इतकं समाधान झालं की तिनं मौनाची सुरुवात हसऱ्या चेहऱ्यानं केली.

सव्वासातला शेजारच्या धुरपताबाई विरजण मागायला आल्या. वाटी पुढं केली आणि हात तसाच राहिला. नजर टेबलावर.

"काय व सरिता? पौर्णिमाचं जमलं का काय?"

सरितानं ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे, माझं मौन आहे.

धुरपताबाईंनी लगेच आवाज उतरवला. "बरं, बरं. कोनाले नाई सांगत मी. पन कधी?"

सरितानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं, आठाच्या आकड्यावर. म्हणजे, आठ वाजता बोलते.

"आठ तारखेले? पाच दिवसच रायले व!"

सरितानं दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"घाबरू नको," धुरपताबाई म्हणाल्या. "होते सगळं येवस्थित. मी हाये ना." आणि विरजण विसरून निघून गेल्या.

आता कुणी म्हणेल, बोलायचं ना. एका वाक्यानं काय नेम मोडतो? पण ज्यानं नेम धरलाय त्यालाच कळतं, तो मोडताना नेहमी एकच वाक्य असतं. सरिता डोळे मिटून बसली. त्या पाऊण तासात तिच्या मनात जेवढी वादळं उठली, तेवढी शिबिराच्या दहा दिवसांतही उठली नव्हती. आठाचा ठोका पडताच ती चपला न घालता शेजारी धावली.

धुरपताबाई घरी नव्हत्या, दारात त्यांची सून. सून म्हणाली, "मामी दळनाले गेल्या."

गावात गिरणी एकच. आणि सकाळी आठला तिथं बायांची रांग.

दहा वाजता मंडपवाला पुंजाजी टेप घेऊन अंगणात उभा. "आठ तारखेले तीन ठिकानी मांडव हाये माहा, वहिनी. पन पयले तुमचं."

"पुंजाजीभाऊ, साक्षगंध नाई हाये. ते किल्ल्याचे ट्रे हायेत."

"हो ना," पुंजाजी टेपचं टोक तिच्याच हातात देत म्हणाला. "धुरपताबाईनं सांगतलं मले, विचारलं तं नाई म्हनतीन म्हने. धरा जरा, इकडून पंधरा फूट."

सरितानं टोक धरलं, कारण कुणी हातात दिलेलं टाकून देणं तिला जमत नसे. नंतर तिला कळलं की रस्त्यावरून जाणाऱ्या सहा माणसांनी तिला मांडवाचं माप धरताना पाहिलं.

अकराला अमरावतीहून धाकट्या दिराचा फोन. "वहिनी, आमी काय मेलो का? गावाले मालूम, आमाले नाई." बाराला जानरावाचा.

"सरिता, मी खांबावर हावो. खाली लोकं पेढे मांगून राह्यले. पौर्णिमाचं साक्षगंध हाये म्हंते?"

"नाई हो."

"नाई, का मले नाई सांगतलं?"

"नाई म्हनजे नाईच."

"पोरगा काय करते?" जानरावानं विचारलं. घरातली बातमी नेहमीच त्याला शेवटी कळायची, त्यामुळं बिचाऱ्याचा आता कशावरही विश्वास बसत होता.

भागिरथाबाईंना तर समजावणंच अशक्य. त्यांनी पेटीतून इरकली लुगडं काढलं, तिसऱ्या ट्रेमधली कवळी चढवली, आणि दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याचे नमस्कार घेऊ लागल्या. "माह्यापासून लपवते सून," त्या प्रत्येकाला अभिमानानं सांगत. "पन मले ट्रे दिसले."

दुपारपर्यंत नवरदेवाचं गाव ठरलं होतं. आसेगाव. चारपर्यंत त्याला दोन बहिणीही होत्या.

साडेचारच्या गाडीनं पौर्णिमा उतरली. पाठीवर पुस्तकांची बॅग, दोन्ही हातांत पिशव्या. खोली रिकामी करून आली होती. दारात आजीनं तिच्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, तशी ती शांतपणे म्हणाली, "आई, मांडव कुठी हाये? मी तयार होऊन येतो."

तो शांतपणा पाहून सरिताला वाटलं, पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पौर्णिमा, ऐक तं..."

"पंधरा दिवसावर पेपर हाये. दोन वर्ष मी त्या खोलीत कोंडून घेतलं. परीक्षा होयेपर्यंत लग्नाचं नाव काढनार नाई, म्हनलं होतं तू. बाबा नाई, आजी नाई, तूच म्हनलं. मले मैत्रिनीचा फोन येते, काँग्रॅच्युलेशन."

सरितानं टेबलावरची एक जाळी उचलली. लाल मखमलीवर, मोत्यांच्या मधोमध, टेस्टर आणि काळी चिकटपट्टी. दुसरी उचलली. कवळीची उघडी डबी आणि चष्मा. तिसरी. टीव्हीचा रिमोट, आरशांत चारदा दिसणारा.

पौर्णिमा खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सरिताही हसली. पुढचं कळेपर्यंत त्या घरातली दोन मिनिटं फार सुखाची गेली.

मग पौर्णिमानं डोळे पुसले. "पन आई, आठ तारखेले साक्षगंध नाई झालं, तं नऊ तारखेले लोक काय म्हनतीन?"

सरितानं हातातली जाळी परत ट्रेवर ठेवली.

"मोडलं म्हनतीन," पौर्णिमा म्हणाली. "काहून मोडलं, ते पन तेच ठरवतीन. पोरीतच काही असंन म्हनतीन. अन् मी तिथं पेपरात डोकं घालून बसू?"

जानराव तोवर आला होता. त्यानं उपाय काढला. "सांगून टाकू, तारीख समोर ढकलली. समोर ढकललं तं मोडलं नाई होत. सोपं हाये."

उपाय खरंच सोपा होता. गावानं एका मिनिटात मानला असता, आणि महिन्या-दोन महिन्यांत विसरलाही असता. सरितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"जे जमलंच नाई, ते समोर कसं ढकलू?" ती म्हणाली. "रोज सकाळी म्हनतो मी, खोटं बोलनार नाई म्हनून. एक खोटं म्या बोललं नाई तं हे झालं. बोलल्यावर काय होईन?"

"मंग काय करतं?" जानराव.

"पौर्णिमा, साडेसहाची गाडी हाये. तू वापस जाय. खोली सोडली असंन तं घरमालकाले फोन कर. इथलं मी पाह्यतो."

"काय पाह्यतं?"

"ज्या ज्या घरी बातमी गेली, त्या त्या घरी मी जाईन. सोता. ट्रे कायले आनले, ते सांगीन. हसतीन तं हसू देईन. आठ तारखेच्या आंधी एक घर ठेवनार नाई."

"आई, तुले बोलाची लाज वाटते. दुकानात भाव कमी करून नाई मांगत तू."

"वाटते," सरिता म्हणाली.

धुरपताबाईंना बोलावलं. झालं ते कळल्यावर त्या आधी रुसल्या, मग रडल्या, मग यादी सांगायला बसल्या. "मी तं फक्त सात घरी सांगतलं. अन् परतेक ठिकानी ओठावर बोट ठेवूनच सांगतलं व, तुह्यासारखं." सात घरांची पुढं किती झाली, ते जानरावानं कोऱ्या कागदावर लिहिलं. कागद दोन्ही बाजूंनी भरला. शेवटच्या ओळीत एक घर शिरपूर गावचंही होतं, पण ते आपण फोनवर करू, असं ठरलं.

पौर्णिमाला गाडीत बसवून सरिता घरी आली. भागिरथाबाई इरकली लुगड्यात अजून दारातच होत्या, जेवायला मात्र यायला तयार नव्हत्या, पाहुणे येतील म्हणून. जानरावानं विचारलं, "यादीत पयलं घर धुरपताबाईच्या भावाचं. तिथूनच सुरू करतं काय? जवळ हाये."

सरितानं नाही म्हणून मान हलवली. तिनं ठरवलं होतं, गावाच्या पार टोकापासून सुरू करायचं. बातमी तिथपर्यंत जाईस्तोवर नवरदेवाला सरकारी नोकरी नक्कीच लागली असणार, आणि ती जास्त दिवस राहू देणं बरं नव्हतं.

तिनं कागदाची घडी कमरेला खोचली, चपला घातल्या, फाटकाची कडी आवाज न होऊ देता लावली, आणि खालच्या आळीकडं चालू लागली.