सगळी फाटकं एकदम

"चालतंय ना? मग हात लावू नकोस," असं ट्रूडीने नवऱ्याला, म्हणजे रोरीला, बजावलं होतं. रोरी न्यूझीलंडमधल्या तारानाकीत सासऱ्याच्या घरी राहायचा, चक्क घरजावई. गोठ्यांची फाटकं फोनवरून उघडणारा त्याचा पायथनचा प्रोग्राम वेडावाकडा होता, पण चालत होता. गाई व्यायच्या हंगामात फाटकं बिनबोभाट चालली तर नदीकाठचं छोटं घर तुमचं, असा सासऱ्याने, मर्व्हिनने, शब्द दिला होता.

पण रोरीला तो पसारा बघवेना. रविवारी बसून त्याने सगळं एकात एक घातलं: शेताच्या क्लासात, म्हणजे कोडमधल्या साच्यात, गोठ्याचा क्लास, गोठ्याच्या पोटात फाटकाचा. उघडं की बंद, ही खूण मात्र प्रत्येक फाटकाकडे न देता फाटकाच्या क्लासवरच ठेवली, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच. चाचणी घेतली एकाच फाटकावर. झकास चाललं. जुना कोड त्याने समाधानाने पुसून टाकला.

सोमवारी मर्व्हिनने गाईंचं फाटक उघडलं, तर वासरांचं उघडलं, वळूचंही उघडलं. वासरं आयांना जाऊन लुचली आणि दुधाचा टँकर आला तसा रिकामा गेला. मर्व्हिनने ऑपरेशनचा गुडघा ओढत वळूला कसंबसं आत घातलं आणि दम खायला वासरांच्या गोठ्यात टेकला. तिथूनच त्याने जावयाला फोन केला, वळूचं फाटक लाव म्हणून. रोरीने लावलं. सगळी लागली, मर्व्हिन बसला होता तेही.

"आता माझं उघड."

"उघडतो. पण मग वळूचंही उघडेल."

"मग आधी इकडे ये!"

रोरी लॅपटॉप घेऊन कुंपणापाशी धावला. प्रत्येक फाटकाला वेगळी खूण दिली, तर आता आपण कुठल्या गोठ्याचं हेच फाटकांना कळेना. एकही हलेना. आपलं घर गेलं, म्हणत त्याने डोक्याला हात लावला.

"झालंय काय?" मर्व्हिनने आतून विचारलं.

"आतला क्लास बाहेरच्याच्या घरात राहतो, पण त्याला त्या घरातलं काही ठाऊक नसतं. सगळं हाताने सांगावं लागतं."

"ओळखतो मी असल्याला. मग आत ठेवलास कशाला?"

"दिसायला नीट दिसतं."

"काढ बाहेर."

रोरीने तिन्ही क्लास सुटे केले आणि कुठलं फाटक कुठल्या गोठ्याचं ते एकेकाला सांगितलं. मर्व्हिनचं फाटक उघडलं, तेवढं एकच. तो लंगडत बाहेर आला, खिशातून किल्ली काढून त्याने जावयाच्या हातावर ठेवली.

"नदीकाठच्या घराची. आजच जा."

रोरीचे डोळे भरून आले. "म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"आतल्याला बाहेर काढलं की चालतं," मर्व्हिन म्हणाला, "आत्ताच बघितलं ना."