उजव्या बाणावरची गाडी

विसरवाडीच्या चौकात नव्यानेच रंगवलेल्या उजव्या बाणावर नवनीतने गाडी उभी केली आणि इंडिकेटर लावला. साक्रीकडून येऊन नंदुरबारला वळायचं तर याच पट्ट्यात थांबायचं, हे त्याला लायसन काढताना शिकवलं होतं. ते लक्षात ठेवणारा अख्ख्या चौकात तो एकटाच असावा.

समोरून ट्रक येत होते. हत्तींसारखे, झुलत झुलत, संपतच नव्हते. इंडिकेटर टिकटिकत होता आणि नवनीतच्या डोळ्यांपुढे फोटोतली रोहिणी पोह्यांची बशी घेऊन तरंगत होती.

"काढ ना रे गाडी," शेजारून आई, बेबीबाई, म्हणाली. "बारानंतर पोरना बापकडे दुसरं स्थळ ई ऱ्हायनं."

"ट्रक तर जाऊ दे, माय."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. एक बाई कोंबडीसकट आत बसली. "नंदुरबार ना, दादा?"

"हो, पण ही गाडी..."

"बाण सांगतोय की." ती ऐसपैस सरकली.

तिच्यामागून एक नवरा-बायको आले, मग काठीवाला एक म्हातारा. बाण जिकडे, गाडी तिकडची. नाहीतर सरकार रंग कशाला वाया घालवेल? नवनीत आरशात हे सगळं बघत होता. पण स्वप्नात शिरलेली माणसं उतरवायची कशी?

शेवटी म्हातारा वैतागून खाली उतरला आणि ट्रकपुढे काठी आडवी धरून उभा राहिला. "गाडी भरली, तरी हा हलत नाही. वळव आता, ड्रायव्हर."

नंदुरबारला रोहिणीच्या दारात गाडी थांबली तेव्हा तिचे वडील नथ्थूभाऊ ओट्यावरच होते. गाडीतून माणसं उतरली, शेवटी कोंबडी.

"उद्याबी याच वेळेला का, दादा?" बाईने जाता जाता विचारलं.

नवनीतने घाईघाईने मागचं दार लावून घेतलं. आईने इथे ऑफिसातला मुलगा म्हणून सांगितलं होतं. हे तर ड्रायव्हर समजणार. नथ्थूभाऊ बेबीबाईंजवळ सरकले.

"नोकरीवाला पोऱ्या तं रोज येतस, बेबीबाई. नोकरीना संगे जोडधंदाबी शे, हाई काबर नही सांगं तुम्ही?"

नवनीत तोंड उघडणार, तोच आईने चिमटा काढला. नथ्थूभाऊंनी तिथूनच दुसऱ्या स्थळाला फोन करून नकार कळवला.

पोहे झाल्यावर रोहिणी दाराशी येऊन हळूच म्हणाली, "रविवारले गाडीनी कोणती लाइन ऱ्हास तुमनी?"

नवनीतने तिच्याकडे पाहिलं. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं.

"म्हसावद," तो म्हणाला.

"तठे मन्ही मावशी ऱ्हास. पुढली सीट मन्हासाठे ठेवा."