स्वयंचलित सूरयंत्र परीक्षेस उभे राहिले, ते समयीची हकीकत

सहा तारा. कथिलाचा डाक दिल्याचा वास. झाकण नसलेली पाण्याची बाटली. गेल्या साली नापास. एक मोटर, काड्यापेटीएवढी.

जो सूर कोणासच दिसत नाही त्यास आधी दंडवत, मग लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख शुद्ध नवमी, मंगळवार, ते दिवशी तंत्रविद्येच्या राज्यात प्रकल्पांची परीक्षा मांडिली. परराज्यातून परीक्षक आले आणि चहा घेऊन खुर्चीवर विराजमान जाहले. विभावरी केळसकर व इरफान मुजावर या उभयतांनी गिटार आपोआप जुळविणारे यंत्र सिद्ध केले होते. यंत्र खुंटीस लावावे, तारेच्या क्रमांकाचे बटण दाबावे, तार छेडीत राहावे, मग यंत्राने ऐकून खुंटी फिरवावी, ऐसी योजना. विभावरीचे यंत्र गेल्या साली याच परीक्षकांपुढे अर्ध्यात बंद पडले होते आणि वर्ष गेले होते. आता पुन्हा गेले तर शिक्षण पुरे, ऐसे घरून बजाविले होते. म्हणोन त्यांनी यंत्रास सक्त हुकूम लिहिला की, सूर लागल्यावाचून थांबू नये. बटण नित्य त्याच दाबीत. परंतु ते समयी त्यांनी यंत्र इरफानच्या हाती दिले आणि त्या बोलिल्या, “इरफान, तूच दाब. वरच्या जाड तारेपासून घे.” इरफानने यंत्र जाड तारेच्या खुंटीस लाविले आणि एकचे बटण दाबिले. मोटर फिरली आणि तार चढली, मग आणखी चढली, आणि लाकूड करकरले, आणि परीक्षकांनी खुर्ची मागे घेतली.

“अरे, कितीचं दाबलंस?”

“एकचं. वरची म्हणजे पहिलीच ना?”

“गिटारची पहिली खालची, बारीक! बंद कर!”

“कसं करू? थांबायचं नाही असं तूच लिहिलंयस, बाई!”

मग विभावरींनी बॅटरीची वायर उपटली आणि मोटर थांबली. तार तुटली नाही. पण तुटेल म्हणोन सर्व माना वाकड्या करून उभे.

परीक्षक बोलिले, “याही वर्षी तेच का?”

विभावरी बोलिल्या, “नाही सर. ते बंद पडलं होतं. हे मी बंद केलं.” मग हाताने तार सैल केली, वायर जोडिली आणि स्वतः सहाचे बटण दाबिले. मोटर फिरली, अडखळली, उलटी फिरली, पुन्हा सुलटी, आणि थांबली. परीक्षकांनी स्वतः तार छेडिली, कान लाविला. मग तळहाताआड गुण लिहिले.

तात्पर्य, यंत्रास सांगितले तेच त्याने केले, सूर लागला, आणि निकाल लागेतो पंधरा दिवस अन्न गोड न लागता विभावरी उत्तीर्ण जाहल्या.

परीक्षेच्या आदल्या दुपारी इरफानने तारांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवू का, असे विचारले होते. विभावरी नको म्हणाली होती.