दिगंबरकाकांचा राइडिंग मोअर

दिगंबरकाका गेले तो एप्रिलमधला शनिवार होता. हॉस्पिटलमधून निखिलचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग खिडकीशी जाऊन शेजारचं लॉन बघत उभी राहिले.

त्या लॉनवर काका मोअरवर बसून, मांडीवर कणकेची पिशवी घेऊन गवत कापायचे. पिशवी वीस पौंडांची, आयसेलिनच्या इंडियन दुकानातून आणलेली, जुन्या पट्ट्यानं पोटाशी बांधलेली. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, आजोबा नातवाला मोअरवरून फिरवताहेत. एकदा समोरच्या अमेरिकन बाईंनी लांबूनच बाळाचं नाव विचारलं. काकांनी पिशवीवरचं नाव वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, किती गोड नाव आहे.

त्याचं कारण असं, की बसून चालवायच्या मोअरला सीटखाली एक स्विच असतो. वर माणूस बसलेला असेल तरच इंजिन चालतं. काका इतके किडकिडीत, की चाक जरा खड्ड्यात गेलं की ते सीटवरून उचलले जायचे आणि इंजिन बंद पडायचं. "तुम्ही बसलात हे त्या इंजिनालासुद्धा कळत नाही," असं सुमनकाकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायच्या. पिशवीची कल्पनाही त्यांचीच. तो स्विच वायर जोडून निकामी करता येतो, पण काकांची सगळी नोकरी बॉयलरवर गेली होती. सेफ्टीच्या वायरला हात लावणं त्यांना पाप वाटे.

खरं तर पार्सिपनीतल्या त्या एवढ्याशा लॉनला राइडिंग मोअरची गरजच नव्हती. दोन वळणं घेतली की कुंपण यायचं. आधीचा घरमालक तो शेडमध्ये सोडून गेला होता आणि काकांच्या मते सोडून दिलेल्या मशीनकडे बघणं हे घर घेणाऱ्याचं कर्तव्य होतं. निखिलनं, तो राहायचा त्या प्लेनोहून, ढकलायचा इलेक्ट्रिक मोअर पाठवला. त्याच्या खोक्यावर काका रंधा आणि करवत ठेवायचे.

दुरुस्तीचं त्यांचं एकच सूत्र होतं, "आधी साधं बघा." माझं इंटरनेट बंद पडलं की, आधी साधं बघा, प्लग लावलाय का. मी लायब्ररीतून वैतागून आले की, आधी साधं बघा, दुपारी जेवली होतीस का. बहुतेक वेळा जेवलेली नसायचे, त्यामुळे मला उलट बोलायला जागा नसे. मला ते ग्रंथपालबाई म्हणत. दुरुस्ती चालू असताना टॉर्च धरायचं काम माझ्याकडे असे आणि त्यात मी कधीच पास झाले नाही. "ग्रंथपालबाई, उजेड इंजिनावर. माझ्या टकलाला काही झालेलं नाही."

काका गेले त्याच्या आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात सुमनकाकू गेल्या. निखिल आला, सगळं केलं, आणि जाताना म्हणाला की बाबांनी आता प्लेनोला यावं. काका म्हणाले, इथलं लॉन कोण कापणार? निखिल म्हणाला, मेमध्ये मी येतो. तोवर हिवाळाभर शेडमध्ये पडून असलेला तो मोअर चालू झाला तर राहा. नाहीतर घर विकू. "बाबा, इट्स अ लॉन मोअर," असंही तो म्हणाला. काकांनी शेडची किल्ली खिशात टाकली, म्हणजे त्यांनी पैज स्वीकारली होती.

वसंतात मोअर चालू होईना. किल्ली फिरवली की घरघर व्हायची, इंजिन धापा टाकल्यासारखं करायचं आणि गप्प. काकांनी इंजिनाचा स्पार्क प्लग बदलला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. कार्बुरेटर सुटा करून काकूंच्या पुरणाच्या पातेल्यात भिजत घातला. बॅटरी चार्ज केली, बेल्ट तपासला, सीटचा स्विच तपासला, एकाऐवजी दोन पिशव्या मांडीवर घेतल्या. मी दर वीकेंडला टॉर्च धरत होते. गवत घोट्याच्या वर आलं. गवत वाढू दिलं की दंड करणाऱ्या टाउनशिपच्या एका माणसानं गाडी हळू करून आमच्याकडे पाहिलं.

निखिल यायच्या आदल्या सकाळी मी लायब्ररीतून त्या मोअरचं मॅन्युअल छापून नेलं. मी ते सगळं वाचलं होतं. तेवढंच मला जमतं. म्हटलं, "काका, पहिल्याच पानावर एअर फिल्टर दिलाय. सगळं उघडलंत, तो नाही उघडलात."

काका पाना पुसत राहिले.

"त्यातच आहे ते," ते म्हणाले. "मला माहितीय."

मग त्यांनी बॉनेट वर केलं आणि फिल्टरचं झाकण काढलं. आत हळदीनं पिवळे झालेले तांदूळ होते. काकू दर खंडेनवमीला मोअरला झेंडू वाहायच्या, कुंकू लावायच्या आणि वरून भरभरून अक्षता टाकायच्या. त्या बॉनेटच्या फटींतून घरंगळत फिल्टरपाशी जायच्या, आणि एखादा दाणा हवेच्या झडपेत अडकला की इंजिन गुदमरायचं. दर वसंतात काका ते गुपचूप साफ करायचे.

"तिला कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "तिला वाटायचं, तिच्या पूजेनं चालतो."

मी टॉर्च धरून होते. या वेळी उजेड बरोबर होता.

"यंदाचे काढले की संपले गं."

त्यांनी एकेक दाणा उचलून शर्टाच्या खिशात टाकला. घाई केली नाही. झडपेतला शेवटचा दाणा पोह्याएवढा चपटा झाला होता, तो बराच वेळ तळहातावर धरला. मग झाकण लावलं, पिशवी बांधली आणि किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी निखिलची टॅक्सी आली तेव्हा काका तिसरं वळण घेत होते, जिथे खरं तर वळायला जागा नव्हती. निखिल बॅग हातात धरून हसला, मग तोंड फिरवून घरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला काकांनी मला बोलावलं. मोअर धुऊन ठेवला होता. झेंडू सुपरमार्केटच्या कुंडीतला होता. कुंकू जरा तिरकं लागलं. मग त्यांनी मूठभर अक्षता घेतल्या, चष्मा लावला, बॉनेटवर वाकले आणि त्या फटींमधून, बरोबर फिल्टरवर पडतील अशा बेतानं, थोड्या थोड्या सोडल्या.

"वसंतात टॉर्च धरायला यायचंय," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

एप्रिलमध्ये ते गेले. निखिलनं घर विकलं. नव्या मालकांकडे गवत कापायला कंपनीची माणसं येतात. मोअर निखिलनं मला दिला. तो माझ्या शेडमध्ये आहे. चालू होत नाही. का होत नाही, ते मला माहीत आहे.