खापेकरांची सिक लाइन

१२ जून २०२२, रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. दार उघडले तर समोरच्या सदनिकेतले खापेकर हातात पाण्याची वाटी घेऊन उभे. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही.

"देशपांडे साहेब, तुमचा मोतीबिंदू निघाला ना? मंग पाहा. हा कचरा आहे का किडे?"

वाटीच्या तळाशी मोहरीहून बारीक काळे कण होते. मी चष्मा लावून पाहिले. कणांना पाय होते.

"किडे आहेत."

"हव. दोन दिवसांपासून पोट्टी पाण्यातच बसून राहिली. आजपासून सिक लाइनवर."

ही पोट्टी म्हणजे जिलबी. आफ्रिकी जातीची, बिनविषारी, वन खात्याकडे रीतसर नोंद झालेली अजगरीण. खापेकरांची कन्या केतकी हिने ती पाळली होती. बंगळुरूला नोकरी लागली तेव्हा "पापा, बस दो महीने" म्हणून ती जिलबीला वडिलांकडे ठेवून गेली. त्याला वर्ष उलटले होते.

खापेकरांनी छत्तीस वर्षे रेल्वेत मालगाडीचे डबे तपासले. सदोष डबा गाडीतून काढून ज्या वेगळ्या रुळावर ठेवतात, ती सिक लाइन. तपासनीस खडूने 'फिट' लिहीत नाही तोवर डबा तेथून हलत नाही. निवृत्तीनंतर हा नियम त्यांनी जगाला लावला. नवे पायपुसणे आणले की ते बाल्कनीत तीन आठवडे पडून राही, बाजूला खडूने तारीख. मी सोफ्यावर बसण्यापूर्वी माझी पाठ न्याहाळली जाई. कीड कपड्यांवरूनही येते, असे त्यांना जिलबीच्या डॉक्टरांनी सांगितले होते. नागपंचमीला खालच्या मजल्यावरच्या बाई दूध आणि फुले घेऊन आल्या. खापेकर दारातच म्हणाले, "दीदी, ही आफ्रिकेची आहे. तिले आपले सण माहीत नाही. दूध तुम्हीच प्या, अन् फुलं बाल्कनीत ठेवा." फुले तेथेच वाळली. बाईंनी दोन महिने बोलणे टाकले.

उपचारात त्यांनी एकच चूक केली, पण ती प्राणावर बेतली असती. पहिल्याच दिवशी त्यांनी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी पेटवली. मी फोन लावून दिल्यावर पशुवैद्य असे ओरडले की मला शेजारी उभे राहून ऐकू आले. धुराने माणूस खोकतो, साप मरतो. खापेकरांनी धुरीवर बादली ओतली आणि ते जमिनीवर बसून राहिले. "केतकीले काय तोंड दाखवलं असतं मी?" एवढेच म्हणाले.

त्यानंतर सर्व काही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. जिलबीच्या काचेच्या पेटीतला लाकडाचा भुसा आणि पोकळ ओंडका फेकून दिला. काचेचे सांधे गरम पाण्याने, साबणाने घासून कोरडे केले. जिलबीला कोमट पाण्यात ठेवायचे. औषध सांगितले तेवढेच, आणि अंड्यांतून नवी कीड निघते म्हणून ठरल्या दिवशी पुन्हा. तळाला पांढरा कागद अंथरायचा, म्हणजे कीड लपत नाही. त्या कागदाची तपासणी रोज संध्याकाळी साडेसहाला. भिंग त्यांचे, डोळे माझे.

आम्ही राहत होतो तो नवा रायपूर तेव्हा फार मोकळा होता. रस्ते रुंद, माणसे थोडी. खिडकीतून एखादी बस दिसली तर खापेकर घड्याळ पाहून "नऊ मिनिटं लेट" असे नोंदवीत. आज त्यांच्या दारावर दुसरी पाटी आहे. बसला उशीर आताही होतो, सांगणारा नाही.

संध्याकाळी सात वाजता केतकीचा फोन येई. पूर्वी तो रविवारी येत असे, तोही पाच मिनिटे. कीड लागल्यापासून रोज येऊ लागला, कारण तिकडे तिने दुसरा अजगर पाळला होता. जिलबी पूर्ण निर्दोष झाल्याखेरीज केतकीला तिला नेता येत नव्हते, नाहीतर कीड त्यालाही लागली असती. किड्यांवरून बोलणे सुरू होई. मग पापांनी जेवणात काय केले, गुडघा कसा आहे, आईच्या हातचा पाटोडीचा रस्सा कसा करायचा. बायको गेल्यापासून खापेकर इतके बोललेले मी ऐकले नव्हते.

सप्टेंबरात डॉक्टरांनी जिलबीला तपासले आणि औषध बंद केले. मी सोबत होतो. पुढचे तीन आठवडे कागद स्वच्छ निघाला. तीन आठवडे मी "काही नाही" म्हणत होतो आणि खापेकर मान हलवीत होते. कोरा कागद तपासायला वेळ लागत नसे, म्हणून त्या दिवसांत फोन येण्याआधीच मी घरी परतलेला असे.

तीन आठवडे संपले त्या दिवशी मी तेथेच असताना फोन लवकर आला. खापेकरांनी तो स्पीकरवर घेतला.

"पापा, आज दिखे क्या?"

"दोन दिसले वं."

"अब तक? डॉक्टर ने क्या बोला?"

"लई जिद्दी जात आहे बेटा."

"अंकल हैं वहाँ? अंकल को दो."

खापेकरांनी फोन माझ्या हाती दिला. माझ्याकडे पाहिले नाही.

"अंकल, सच में हैं? कागज़ का फोटो भेजिए ना. नहीं हों तो मैं इसी महीने आकर ले जाऊँ."

सरकारी कचेरीतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही केलेली नाही. "पाठवतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

खापेकर काचेशी उभे होते. "उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता राहून गेलं साहेब. फिट लिहिलं, की पुन्हा रविवार."

"हे फार दिवस चालणार नाही."

"हव."

"दिवाळीला तिला बोलवा. समोर बसवून सांगा."

"हव."

मी पेटीतला कागद काढून टेबलावर सपाट केला, खिशातले काळे पेन उघडले, कडेला अंतर सोडून दोन ठिपके काढले, शाई वाळेपर्यंत थांबलो आणि फोटो पाठवला.