बारमाही धबधबा

मी वर्तमानपत्रात पर्यटनाचं पान लिहितो आणि छातीठोकपणे सांगतो, त्यासाठी आजवर खुर्ची सोडलेली नाही! सतत फिरणारा माणूस लिहिणार कधी?

बेटावरच्या अभयारण्याभोवतीची प्रेक्षणीय स्थळंही मी अशीच बसल्या जागी पाहिली. दीपगृह झालं, कांदळवन झालं, कुंभारांची जुनी वस्ती झाली, तरी पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली. छपाईवाला डोक्यावर उभा! मी तिथे मनचाच एक धबधबा सोडून दिला. तोही बारमाही!

महिन्याभरानं सासरे कात्रण घेऊनच घरी आले. ते निवृत्त भूमापक. पाहुणचाराला गेले तरी आधी खोली मोजतात.

"जावईबापू, निघायचं! धबधबा बघायचाय."

"बाबा, तिथे शेवाळ फार."

"म्हणजे थाप मारलीय?"

"छे!"

"मग झालं. थाप निघाली, तर तुमच्या संपादकांना मी स्वतः कळवीन."

संपादकांनी मला आधीच बजावलं होतं : आणखी एक थाप छापलीत, की घरी बसा! बोटीतून सगळे लाटा बघत होते. मी माझी नोकरी बुडताना बघत होतो.

धक्क्यावर पाय टेकताच बायकोनं वाटाड्याला गाठलं. "धबधबा कुठेय हो?"

मी डोळे मिटले.

"चला की ताई! पेपरात आल्यापासून सगळी गर्दी तिथेच असते!"

आणि खरोखर, एका लॉजच्या मागे, कातळावरून पाणी कोसळत होतं! माणसं भिजत होती, किंचाळत होती, फोटो काढत होती. वर झुडपाआडून टाकीचं झाकण डोकावत होतं आणि पंप घरघरत होता.

"ऐकलंत? धरणीचा हुंकार!" सासरे गहिवरले. टेप काढून त्यांनी उंचीही मोजली. "तुम्ही लिहिलंय त्याहून हातभर जास्तच आहे. संपादकांना कौतुकाचं पत्र टाकतो!"

वाटाड्यानं मला हळूच बाजूला घेतलं. "लेखावरच्या फोटोवरून ओळखलं साहेब. लोक धबधबा मागायला लागले, परत कसं पाठवायचं? टाकीचा नळ इकडे वळवला. आता गुहेचा विचार आहे. आधी तुम्ही छापा, मग आम्ही खणतो."

माझं डोकंच फिरलं. पत्रकारितेची काही चाड आहे की नाही? वाचकांना अर्धवट माहिती द्यायची? मी त्याला खडसावून विचारलं,

"वटवाघळं मिळतील ना?"