दोब्रिंकाचा पासपोर्ट

"तीनदा जाऊन आलोय मँचेस्टरला! मला काय शिकवता?" हे वाक्य स्पास वासेवचं बल्गेरियातल्या पेर्निक शहरातल्या आपल्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर ऐकवून झालं होतं. मँचेस्टरला राहणारी मुलगी रालित्सा फोनवर म्हणाली, "बाबा, पासपोर्ट नीट बघून घ्या हं," तेव्हा तर तो उखडलाच. "जन्मभर खाणीतली यंत्रं सांभाळली मी! एवढीशी वही सांभाळता येणार नाही?"

खरं तर तिन्ही वेळा पासपोर्ट सांभाळले होते दोब्रिंकानं, त्याच्या बायकोनं. काउंटरवर तीच पुढे व्हायची आणि स्पास मागे बॅग धरून उभा राहायचा, शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरासारखा! गेल्या हिवाळ्यात दोब्रिंका वारली. तिचा कागदपत्रांचा खण त्यानं तेव्हापासून उघडला नव्हता. निघायच्या दिवशी उघडला, तर आतून तिच्या साबणाचा वास आला. त्यानं हाताला लागला तो लाल पासपोर्ट उचलला आणि खण धाडकन बंद केला.

शेजारच्या कीरोनं त्याला गाडीनं सोफियाच्या विमानतळावर आणलं, तेही चांगलं चार तास आधी. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उघडला. स्पासकडे बघितलं. परत पासपोर्टकडे बघितलं.

"आजोबा, हे तुम्ही नाही."

"मिशा वाढवल्यात आता," स्पास ऐटीत म्हणाला.

"आजोबा, यांच्या कानात मोत्याचे डूल आहेत!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. स्पासनं फोटो पाहिला. दोब्रिंका!

"तुमच्या मिसेस ना? त्या कुठायत?"

"ती... पुढे गेली."

"पुढे? म्हणजे तुमचा पासपोर्ट घेऊन आत गेल्या! थांबा हं!" आणि तो तोंड उघडायच्या आत तिनं फोन उचलला.

क्षणभरात अख्ख्या विमानतळावर आवाज घुमला. "प्रवासी दोब्रिंका वासेवा, आपले पती काउंटरवर आपली वाट पाहत आहेत!"

आता खरं सांगायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांत तिचं नाव एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. सूचना पुन्हा झाली. त्यानं सरकत्या जिन्याकडे वळून पाहिलंसुद्धा!

"नेहमीच उशीर करतात का हो?" मुलीनं विचारलं.

"नाही गं पोरी. ती वारली."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. स्पासनंच घाईघाईनं आपलं ओळखपत्र काढलं. "हे बघ, यावर मीच आहे. मिशांसकट!"

"यावर ग्रीसला जाता येईल, आजोबा. इटलीलाही. ब्रिटनला पासपोर्टच लागतो."

"इटलीत माझं कोण आहे?"

स्पासच्या घराची किल्ली घेऊन, बाहेर थांबलेला कीरो सुसाट पेर्निकला गेला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

"सापडला! त्याच खणात, खाली होता!"

"आण पळत!"

"अरे, पण याची मुदत मार्चमध्येच संपलीय."

"नीट बघ!"

"नीटच बघतोय! फोटो मात्र तुझाच आहे हो."

म्हणजे गेलेल्या बाईचा पासपोर्ट चालू आणि जिवंत माणसाचा बाद!

शेवटी त्यानं रालित्साला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली,

"बाबा, मीच येते शनिवारी."

"मग आधी का नाही आलीस?"

"दर वेळी म्हणायचात ना, 'मी मजेत आहे, येऊ नकोस' म्हणून!"



कीरो त्याला न्यायला परत आला. गाडी सुरू करत त्यानं विचारलं,

"काय म्हणाली पोरगी?"

"येतेय शनिवारी."

"मग रडतोस कशाला गाढवा?"

"रडतंय कोण? तुझ्या खटाऱ्याची काच लागत नाही, वारा जातोय डोळ्यात!"

कीरोनं काचेकडे पाहिलं. काच वरपर्यंत घट्ट बंद होती.